बोट गळ्यावर, अडथळा खाली

सर, तुम्ही मला दवाखान्यातून स्टेशनवर पळत पाठवलं होतंत, त्याला आता वीस वर्षं होत आली. परभणीच्या आपल्या एक्स-रे विभागात मी तेव्हा तंत्रज्ञ म्हणून नुकतीच लागले होते आणि तुम्ही निवृत्तीला आला होतात. पूर्णेचे एक रेल्वेतले काका आले होते, घास अडकतो म्हणून. कुठं अडकतो विचारलं तर त्यांनी गळ्याच्या खळगीवर बोट ठेवलं. मी त्यांना बेरियमचं पांढरं औषध पाजलं, मानेचे दोन फोटो काढले आणि "झालं काका, जा," म्हणून मोकळी झाले. तुम्ही ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरलीत. "खालचं कुठंय?" मी म्हटलं, "सर, त्यांनी तर गळ्यावरच बोट ठेवलं." तुम्ही आवाज चढवला नाहीत, तेच जास्त लागलं. "बोट पेशंटचं हाय. खाली छातीत अडलं तरी माणसाला वर गळ्यातच अडल्यासारखं वाटतंय. घास जठरात उतरला का न्हाई, हे बघितल्याबिगर तुझं काम झालं कसं? जा, घेऊन ये त्यांना."

काका फलाटावरच्या बाकावर सापडले. लोक बघतायत, आणि मी पांढऱ्या कोटात हात जोडून उभी. "काका, माझं चुकलं. परत चला." ते म्हणाले, "चला की, पुढच्या गाडीनं जाईन." दुसऱ्यांदा तुम्ही स्वतः ग्लास त्यांच्या हातात दिलात, आणि अन्ननलिका कशी श्वासनलिकेच्या मागून उतरते, काळजाच्या पाठीशी लागून जाते आणि छाती-पोटामधल्या पडद्यातून जठराला मिळते, ते त्यांच्याच पाठीवर बोट फिरवून मला दाखवलंत. काका म्हणाले, "सायेब, गुदगुल्या व्हायल्यात." फिल्मवर बेरियमची धार अगदी खालच्या टोकाशी एका गाठीजवळ वाकडी झालेली दिसली. वेळेत ऑपरेशन झालं. पुढं कितीतरी दिवस ते दवाखान्यावरून जाताना मला हात करायचे. माझ्या चुकीचा विषय तुम्ही पुन्हा कधी काढला नाहीत.

हे आज लिहायला बसले, कारण पेडगावची एक सून. ज्वारीच्या काढणीत ती सासूबरोबर आली होती. तीस-बत्तीसचं वय, गळ्याची हाडं वर आलेली. चिठ्ठीवर फक्त मानेचा तपास लिहिलेला. "इथंच अडकायलंय ताई," ती गळ्याला हात लावून म्हणाली, "भाकर पाण्यात कालवून खाते, तरी वर येती." सासू म्हणाली, "काय न्हाई वो, मनाचं हाय. घशाच्या डॉक्टरनं बघितलं, कायबी निघालं न्हाई." सासू जरा लांब गेल्यावर सुनेनं हळूच विचारलं, "कॅन्सर आसंल का वो? लेकरं लहान हायत." बाहेर बाकावर आठ जण बसलेले, जेवणाची वेळ झालेली. मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला, "चिठ्ठीत नाही, पण खालपर्यंत बघू का?" ते म्हणाले, "थांबा, मीच येतो."

आता फिल्म धुवावी लागत नाही, सर, सगळं पडद्यावर हलताना दिसतं. तिनं घोट घेतला. मानेतून तो सरळ गेला, कुठं काही नाही. मग खाली, काळजामागं, नळी पिशवीसारखी फुगलेली, आणि तळाशी पाखराच्या चोचीसारखी निमुळती. बेरियम तिथं विहिरीतल्या पाण्यासारखं उभं राहिलं. डॉक्टर म्हणाले, "नळीचं खालचं तोंड उघडतच नाहीये. हे कॅन्सरसारखं दिसत नाही, तरी दुर्बिणीनं खात्री करून घेऊ. याला उपाय आहे." मी सासूला पडद्यापाशी बोलावलं. तिनं बराच वेळ बघितलं. मग सुनेच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "म्या लय बोलले गं तुला."

दुर्बिणीत वाईट काही निघालं नाही. नांदेडला फुगा घालून नळीचं ते तोंड रुंद केलं. आज ती सासूला आणि दोन्ही लेकरांना घेऊन तपासणीला आली होती. व्हरांड्यात डबा उघडला, भाकरी आणि मेथीची भाजी. मी दारातून बघत होते. तिनं घास चावला, गिळला, पाण्याच्या बाटलीला हात न लावता दुसरा मोडला. सासू म्हणाली, "ताई, आता आमालाच पुरंना झालंय!" सगळे हसलो. मला एकदम तुम्ही तिथं हवे होतात असं वाटलं.

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, हा कागद कुठं पाठवायचा? टेबलाच्या खणात राहील. पण एक कबूल करते. इतकी वर्षं प्रत्येक पेशंटला मी सांगत आले, "प्या, चव काही वाईट नसते." आज सगळे गेल्यावर पहिल्यांदाच मी स्वतः एक घोट घेऊन बघितला. खडू कालवल्यासारखं लागतं, सर. चव वाईटच असते.