चार नंबर विकायची नाही

२ जानेवारी

आले एकदाची दादाच्या घरी! दोन ट्रंका, पुस्तकांची खोकी आणि माझी वेताची खुर्ची. दादा फाटकातच उभा होता, अंगात अ‍ॅसिडने चाळणी झालेला सदरा. हे काय ध्यान, असं म्हटलं तर म्हणाला, बेबी, नवा घातला तरी चार दिवसांत असाच होतो. साठी उलटलेल्या बाईला बेबी म्हणणारा आता हा एकटाच उरलाय. शाळेतून निवृत्त झाल्यापासून भाड्याची खोली मला खायला उठायची. वहिनी गेल्या त्याला वर्ष झालं, तेव्हापासून दादाही एकटा. दोघांनी एकत्र राहावं हे आधी सुचलं कसं नाही?

खिडकीपाशी टेबल आणि टेबलावर शाईची दौत. मी अजून शाईने लिहिते, हे त्याच्या लक्षात आहे.

५ जानेवारी

मागची लांबोळी खोली म्हणजे दादाचा कारखाना. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्या सांभाळण्यात तीस वर्षं गेली. नोकरी सुटली, बॅटऱ्या सुटल्या नाहीत. फळ्यांवर अठरा आहेत. टॅक्सीच्या, ट्रकच्या, दवाखान्यातल्या. सगळ्या लोकांनी मेल्या म्हणून टाकून दिलेल्या. दादा म्हणतो, मेल्या कुठल्या, आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसलाय, एवढंच. बिस्किटांच्या डब्यांत त्याने स्वतःच्या हाताने चार्जर बांधलेत. ते सेकंदाला हजारो बारीक झटके देतात आणि तो थर हळूहळू विरघळवतात. मारून उठवायचं नाही, गुदगुल्या करून उठवायचं, म्हणतो. लहानपणीही टॉर्चचे संपलेले सेल हा उन्हात वाळत घालायचा, मला आणखी चार पानं वाचता यावीत म्हणून.

माझ्याकडे रीडिंगचं काम आलंय. दिवसातून तीनदा रबरी फुगा दाबून काचेच्या नळीत अ‍ॅसिड ओढायचं, आतली कांडी किती वर तरंगते ते पाहायचं, वहीत लिहायचं. अकराशे म्हणजे रिकामी, बाराशे साठ म्हणजे भरलेली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्ट्या मारून वळवलेलं अक्षर शेवटी इथे कामी आलं! आधी हे काम वहिनी करायच्या.

खालच्या फळीवरची चार नंबर बाराशे सत्तर दाखवते. वर्षभर तिला चार्जर लावलेला नाही. असं कसं, विचारलं तर दादा म्हणाला, ती विकायची नाही. बास, एवढंच.

१४ जानेवारी

शेजारची शिंपीण आली होती. तोंडाने फटकळ, मनाने मऊ. म्हणाली, तो डबा आमच्या ह्यांना लावून बघा, दहा वर्षं पलंगावरून हललेले नाहीत. हसून पोट दुखलं. मग तिने माझं माप घेतलं आणि टेप पुन्हा लावून पाहिली. आल्या आल्या घेतलेल्या मापापेक्षा दोन बोटं कमी. जेवत नाही का, म्हणून ओरडली. जेवते की.

दादा मात्र हवेत आहे. सात नंबरपाशी मी खुर्ची टाकून वाचत बसते, ती आठ दिवसांत भरली. तो म्हणतो, चार्जरने जेवढं दिलं त्याहून तिच्यात जास्त आहे. बेबी, तुझा हातगुण! वरचं कुठून आलं ते कळत नाही म्हणाला. मलाही त्याचं कोडं पडलं, पण डोळे मिटत होते.

२३ जानेवारी

दुपारी दोन पायऱ्या चढून धाप लागली. डॉक्टरांनी आधी शिशाचीच शंका घेतली, रक्त तपासलं. शिसं नाही. काहीच नाही. वय झालं, म्हणाले. जिभेवर सतत गोडसर, धातूसारखी चव.

सात नंबर बाराशे ऐंशी. इतकी चढायला नको.

२९ जानेवारी

कपाटात वहिनींच्या रीडिंगच्या वह्या सापडल्या. पहिलीत अक्षर मोत्यासारखं. दुसरीत कललेलं. तिसरीत बोटभर मोठं, ओळ सोडून घसरलेलं. प्रत्येक पानावर चार नंबरचा आकडा मात्र चढता. शेवटच्या पानावर १२७० आणि त्यापुढे पेनची रेघ, कागदाच्या कडेपर्यंत.

माझी वही शेजारी ठेवून पाहिली. माझंही अक्षर कललंय.

दादाला सांगितलं. आधी हसला, सिस्टरांनी तुझ्या डोक्यात भुतं भरली, म्हणाला. मग त्याने वहिनींची शेवटची वही आणि माझी घेतली आणि बराच वेळ पानं उलटत बसला.

१ फेब्रुवारी

आता शंका नाही.

सकाळी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले होते, उठवत नव्हतं. एकाएकी हातापायांत ऊब आली. उभी राहिले, चहा टाकला, गाणं गुणगुणले! मागे जाऊन पाहिलं तर दादाने सात नंबरला मोटारीचा दिवा लावला होता, तपासायला. त्याने खटका बंद केला आणि मी उंबऱ्यातच खाली बसले.

तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच.

मी म्हटलं, सगळं बंद कर, सगळ्या रिकाम्या कर. तो माझ्याकडे बघतच नव्हता. चार नंबरकडे बघत होता. म्हणाला, म्हणजे ती यात आहे. वर्षभर. मी म्हटलं, दादा, वहिनींना परत यायला अंग कुठंय आता?

संध्याकाळी सात नंबर त्याने पूर्ण रिकामी केली. मला खूप बरं वाटतंय. दोन दिवस शिंपिणीकडे जा म्हणतोय, तोवर सगळं आवरतो. शहाणा माझा दादा.

४ फेब्रुवारी, दुपार

आवरलेलं नाही. काहीच आवरलेलं नाही.

दादा माझ्या खुर्चीत, नऊ नंबरला खेटून. दोन दिवसांत निम्मा झालाय. हात बर्फ. नऊ नंबर तेराशेवर. चार्जरचे चिमटे काढले तरी चढतेच आहे. नाही, आता थांबली. त्याच्यात उरलंच नाही काही.

डॉक्टरांना फोन केला. गाडी पाठवतो म्हणाले, तासभर लागेल.

चार नंबरला त्याने दिवा जोडून ठेवलाय. खटका दाबायचं बळ राहिलं नाही, म्हणून थांबला असणार. ओठ हलले. चार लाव, बेबी. मला जोर येईल. ती भरलेली आहे.

मला खरं वाटलं. घाईत दुसरं सुचलंच नाही. मी खटका दाबला.

गालांवर रंग आला. डोळे उघडले. पदर सारखा करावा तसा हात खांद्याकडे गेला. मग दादाच्या आवाजात —

वन्सं, म्हणाला. वन्सं, तुमचे केस किती पांढरे झाले! हे कुठेत?

मला वन्सं म्हणणारी जगात एकच होती.

त्याच दुपारी

लिहीत राहिले की डोकं ठिकाणावर राहतं. म्हणून लिहिते. रीडिंगच्या वहीतच —

दादाने मला फसवलं. स्वतःला रिकामं केलं. तिला जागा करून दिली.

दिवा मंद होतोय. चार नंबर १२१०. जितकी उतरते, तितकी ती भरते. बोट हलतं, मग मनगट. पूर्ण उतरली की दादाला जागाच राहणार नाही. त्याआधी नऊ लावायला हवी. दुसरा दिवा आहे. एक चिमटा लावला.

११८०. खटका बंद करायला गेले. तिने मनगट धरलं. दादाचा हात, पण पकड — नको वन्सं. आत फार गार आहे. सगळं पांढरं. हाका मारल्या, तुम्ही रीडिंग घ्यायला यायचात, मी आतून ऐकायची —

रडतेय. दादाच्या डोळ्यांतून. वहिनी, तो नऊमध्ये आहे, त्यालाही तसंच गार — सांगितलं तिला. तिने नऊ नंबरकडे पाहिलं. पकड सैल केली, पण सोडत नाही.

११४०. गाडीचा आवाज नाही अजून.

डाव्या हाताने लिहितेय. दुसरा चिमटा धरलेल्या हाताच्या बोटांत आहे, नऊचं टर्मिनल वीतभर लांब. दिव्याची तार नुसती लाल. ११२०.

ती विचारतेय. हळू, मुलीसारखं. त्यांना आणा वन्सं, मी नाही म्हणत नाही. पण आधी एवढं सांगा, ते आले की मी कुठे —

लावते. लाव—