हवाबंद चाळ

२० एप्रिल
या हातांनी केलेल्या वस्तू: घराचं गेट. कडबाकुट्टी (मोटर सोडून). चर्चच्या घंटेचा स्टँड. एलिझाबेथचं शिलाईचं टेबल; एक पाय दोन सूत आखूड वाटतो, तो फरशीचा दोष. आणि आज पुरी झालेली, कांदा साठवायची चाळ.
आराधनाला पुण्याला एमबीए करायचंय. तिच्या फीच्या पैशात मी कांदा भरला. स्वस्तात घ्या, थांबा, महागात विका. दोन वर्षांचा कोर्स एका ओळीत संपला. फी ऑगस्टमध्ये. तोवर दामदुप्पट. मग पोरगीच म्हणेल, पप्पा, कॉलेज कशाला.

३ मे
मोबाईलवर व्हिडिओ बघून दुसरा धडा: घट थांबवा. साठवणीत कांद्याचं वजन घटतं, हे सगळा नेवासा तालुका मुकाट सोसतो. मी विचार केला. वजन जातं कुठं? हवेत. चाळीच्या खालच्या, बाजूच्या सगळ्या फटी पत्र्यानं बंद केल्या. वेल्डिंग असं, की मुंगी शिरणार नाही.

५ मे
आडतवाला नबीलाल येऊन गेला. म्हणाला, शलमोनभाऊ, कांदा श्वास घेतो हो, तुमी त्याचं नाकच दाबलंय. मी म्हटलं, घेऊ दे. सोडू द्यायचा नाही.

१२ जून
चाळीपाशी वास. एलिझाबेथ म्हणते, अहो, सडलंय काहीतरी, दार उघडा. दार उघडलं की हवा शिरणार. तिला टेक्निकल समजत नाही.

२ जुलै
भाव चढतोय. आराधना म्हणाली, पप्पा, एक गोणी तरी काढून बघू. पेशन्स, बेटा.
चाळीखालून तपकिरी पाणी येतंय. पावसाचं असणार. पण माझं वेल्डिंग गळत नाही. म्हणजे पाणी आलेलंच नाही.

१९ जुलै
आभाळ भरलेलं, तरी पत्रा हाताला गरम. आत काहीतरी हळूच खाली बसल्याचा आवाज. कुत्रं त्या बाजूला फिरकत नाही.
आराधना आता काहीच विचारत नाही. समंजस झालीय.

६ ऑगस्ट
उद्या फीची शेवटची तारीख. कडी काढली. दार ओढावं लागलं नाही, आतला लगदाच ते ढकलत बाहेर आला. अख्खा एकही कांदा नाही. शेजारचा आसाराम नाकाला टॉवेल लावून म्हणाला, भाऊ, वजन मात्र जाग्यावर हाय.
पुढच्या वर्षी जाड पत्रा.
तेवढ्यात जामखेडहून मेव्हण्याचा, जॉनचा फोन. दाजी, लेकराची फी मी भरतो, आत्ता पाठवतो, परत देऊ नका. आराधना समोर उभी होती, माझ्या ओठांकडं बघत. मी सांगितलं, आमच्या घरातली फी आमच्याच बिझनेसमधून भरली जाते.
ऑफर नाकारली. फीचे एक लाख बावन्न हजार.