रबरी नळीवरचा चेंडू

बाबा,

आज पेडण्याच्या शाळेत मी एका मुलीला रडवलं. सातवीतली आहे, सॉफ्टबॉल खेळते. बॅट फिरवताना मागचा खांदा खाली टाकते, त्यामुळे बॅट चेंडूखाली टीवर आदळते. टी म्हणजे तुम्ही डिचोलीच्या घरी मला करून दिली होती तशीच, लोखंडी बुडावर कमरेएवढी रबरी नळी आणि तिच्या टोकावर चेंडू. मी तो तिच्या पुढच्या पायाच्या रेषेत ठेवत राहिले आणि ती दमली तरी म्हणत राहिले, "आणखी दहा." शेवटी तिने बॅट टाकली. "टीचर, पुरो आता. हात उचलना." तेव्हा मला ऐकू आलं की मी अगदी तुमच्या आवाजात बोलतेय.

खाण बंद पडली, तुमचं तिथल्या वर्कशॉपला कामाला जाणं थांबलं, आणि माझ्याशिवाय तुम्हाला काही कामच उरलं नाही. शाळेआधी अंगणात, शाळा सुटल्यावर पुन्हा अंगणात. तुम्ही वाकून चेंडू ठेवताय, मी मारतेय, तो समोर बांधलेल्या जाळ्यात अडकतोय, तुम्ही काढून आणताय. मला वाटायचं, या अंगणातून मी कधी बाहेरच पडणार नाही. एकदा मी मुद्दाम नळीवरच बॅट हाणून ती फाडली. तुम्ही रागावलाही नाहीत. सायकलची ट्यूब कापून गुंडाळलीत आणि म्हणालात, "खांदो पडता गो तुजो. परत." स्विंग सुधारला, हे खरं. चेंडू सरळ सुटायला लागला, म्हणूनच तर राज्याच्या निवडीला बोलावणं आलं.

पणजीला जाताना बसमध्ये एकच विचार होता: निवड झाली तर हे आणखी किती वर्षं? मैदानाच्या फाटकाशी मी म्हटलं, "बाबा, हात दुखता म्हजो." दुखत नव्हता. तुमचा चेहरा एकदम उतरला. "कित्याक सांगलें ना गो?" आधी का सांगितलं नाहीस, एवढंच विचारलंत. परतताना माझं मनगट दोन्ही हातांत धरून बसलात. घरी आल्यावर स्वतःलाच दोष देत आईला म्हणालात, "हांवेंच मोडलो तिचो हात." दुसऱ्या दिवशी टी माळ्यावर गेली. तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत, आणि तुम्ही कायमचे जाईपर्यंत मीही खरं सांगितलं नाही. वाटलं होतं, सुटले. नोकरी मिळाली ती पी.टी. टीचरची, आणि आता चेंडू ठेवायला मी वाकते.

त्या मुलीला मी घरी पाठवलं. पण उद्या येऊ नकोस, असं काही तोंडून निघालं नाही. सामने जवळ आलेत आणि तिच्यासारखी मारणारी दुसरी मुलगी माझ्याकडे नाही.

हे पत्र वहीतच राहणार. तरी एक सांगते. पणजीहून परतल्यावर आईने हाताला बांधलेली पट्टी दोन दिवसांत सोडायची होती, मी आठवडाभर सोडू दिली नाही. रोज सकाळी तुम्ही पावाचा उंडो मोडून, चहात बुडवून मला भरवत होता, आणि मला ते हवं होतं.