आईला आता खरं लिहू नकोस

पौड, नोव्हेंबर १९२९

प्रिय वाल्मीक,

बर्लिनला बर्फ पडायला लागलंय आणि तू लोकरी बंडी घालतोस, हे ऐकून तुझ्या आईला बरं वाटलं. इकडे भाताची कापणी उरकली. धरणात गेलेल्या खाचरांसारखा दाणा या मुरमाड तुकड्यात भरत नाही, तरी घरापुरतं होईल.

वैशाखात तिच्या छातीतली गाठ सुपारीएवढी होती, तेव्हाच मी तिला पुण्याला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, कर्करोग आहे, लगेच कापून काढली तर आशा आहे. तिने पदर घट्ट ओढून घेतला. “माझा ल्योक यंत्र करतोय. त्ये होस्तवर मी थांबते,” म्हणाली.

तूच लिहिलं होतंस ना, काचेच्या नळीत लाखो व्होल्टच्या दाबाने अणूचे कण पळवायचे. वेग पुरेसा वाढला तर त्यांचे गाभे एकमेकांत मिसळतील आणि सूर्यात पेटते तशी आग माणसाच्या हाती येईल. कधीतरी असल्याच यंत्रातले किरण शरीरात खोलवरची गाठ जाळतील. त्यातलं ‘कधीतरी’ तिने ऐकलंच नाही. उलट मला म्हणाली, “एवढी ईज लागती तर यंत्र हितंच आणाया सांगा की. धरणातल्या आपल्याच पाण्याची ईज डोंगरावरनं म्हमईला चाललीया.”

मग मी तुला कळवलं, तिला स्पष्ट लिही. तू लिहिलंस. नळ्या तडकतात, अजून कित्येक वर्षं जातील, आई, तू शस्त्रक्रिया करून घे. मी शब्दन्‌शब्द वाचला. ती हसली. “ल्हानपणापास्नं असाच हाय त्यो. पयला नंबर आला तरी नापास झालो म्हनून सांगायचा.” उरवड्याहून कोंडाजीमामा येऊन रागावून गेला. मी दारात गाडी जुंपून उभी केली, तर ही उंबऱ्यात बसून राहिली. ओढून कशी नेऊ रे?

गेल्या आठवड्यात हात सुजला, कंबर धरली, तेव्हा आपण होऊन चला म्हणाली. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. रोग काखेत, मणक्यात उतरलाय. आता कापून उपयोग नाही, घरी नेऊन जपा, म्हणाले. परतताना मोटारीत तिने विचारलं, “काय म्हनला डाक्टर?” माझ्या तोंडून निघून गेलं, “थांबा म्हणाला.” त्यावर ती खूश झाली. “मी तरी दुसरं काय म्हनत हुते?”

म्हणून हे पत्र. मागे तुला खरं लिहायला सांगितलं, आता खोटं लिही. नळी तडकायची थांबली, यंत्र होत आलं, पहिला इलाज आईचाच, असं लिही. मी नुसतं तोंडी सांगितलं तर माझ्या चेहऱ्यावरून ती ओळखेल. तुझं अक्षर तिला वाचता येत नाही, पण ती त्यावर हात फिरवत बसते. तू निघून यावंस असं फार वाटतं, बाळा. पण ये म्हणवत नाही. तू दारात दिसलास की यंत्र टाकून का आलास, हे तिला न सांगता कळेल.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच आबा
हैबतराव