तिठ्यावरची कमान

विक्रोळी, मार्च १९८६

ती. श्यामकांतदादांना दत्तारामचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींना सांगा, तेल लावायचं सोडू देऊ नका. (माझाही गुडघा कुरकुरतो, पण कंपनीचा डॉक्टर त्याचं ऐकत नाही.)

गावच्या तिठ्यावर गाड्या आपटतात, म्हणून आमच्या मुंबई मंडळाने काढलेला उपाय तुम्ही सरपंच या नात्याने रोज बघताच. तो निघाला कसा, ते ऐका. सभा माझ्याच खोलीत झाली. मी म्हटलं, वळणावरची करवंदीची जाळी तोडा, समोरचं दिसू दे. अध्यक्ष काशीराम म्हणाले, जाळी तोडली हे लोकांना कळणार कसं, मंडळाचं नाव कुठे लिहायचं? झालं, कमान ठरली. जाळीच्या जागी जाडजूड खांब आला, म्हणजे आधी पानांतून थोडंफार दिसायचं तेही गेलं. वर देणगीदारांची नावं, बारीक अक्षरांत, कारण एकाला गाळलं असतं तरी मंडळ फुटलं असतं. आता प्रत्येक चाकरमानी तिथे मान वर करून आपलं नाव शोधतो, आणि ड्रायव्हर त्याला शोधायला मदत करतो.

आपल्या शेवंतीच्या लवूने हट्टाने आईच्या नावाने देणगी दिलेली. एवढ्या पुरुषांत तेवढं एकच बाईचं नाव. दर खेपेला जीपमधल्या पॅसेंजरांना ते दाखवायचा. जत्रेच्या आदल्या दिवशी असंच बोट वर केलं आणि खांबाआडून चिऱ्यांचा ट्रक आला. दादा, तुम्हीच उचललंत त्याला, मी काय सांगू. भाच्याचा राग येतो, मग रडू येतं, मग परत राग येतो. (कमानीला खरचटलंसुद्धा नाही. काशीराम म्हणतात, काम पक्कं झालंय.)

शोकसभेत सगळे शेवटपर्यंत उभे होते, खुर्च्याच नव्हत्या. चहा मात्र पुरला.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
दत्ताराम

ता.क. आमसुलं पोचली.

आणखी एक ता.क. मंडळाने ठराव केलाय, लवूचं नाव कमानीवर सगळ्यांच्या वर, मोठ्या लाल अक्षरांत. शेवंतीला तेवढंच समाधान, म्हणून मी सभेत गप्प बसलो. पुढच्या आठवड्यात पेंटर येईल. दादा, पाया पडतो, त्याला शिडी लावू देऊ नका. जीप दुरुस्त झालीय आणि पाडव्यापासून तिच्यावर लवूचा धाकटा भाऊ बसणार, आपला बाळा. तो वर बघणारच.