हसण्यातला कोपरा

तेंगाह, बाली
१२ जून १९९४

ती. ब्ली गेडेस रस्मिनीचा सा. न. वि. वि.

बापांनी मुहूर्त काढला. दोन ऑगस्टला तुझे-माझे दात एकाच चौथऱ्यावर कानसणार. वरचे सहा दात म्हणजे षड्रिपू. ते बोथट झाले की आपण मोठी माणसं. मेमेने पिवळी वस्त्रं विणायला घेतलीत.

पण आधी मेमे-बापांच्या पाया पडून मन रितं करायचं असतं, आणि माझ्या मनात तो दगड आहे. आठ वर्षांची होते, आंब्यावर फेकला आणि तुझ्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. भिंतीवरून पडलो म्हणालास, मार खाल्लास. तुटक्या दाताचा नर्तक नको म्हणून देवळातला नाचही गेला. मी गप्प राहिले. आता बापांना सांगू ना?

तुझी धाकटी बहीण,
रस्मिनी

सुराबाया
२५ जून

चि. रस्मिनीस अनेक आशीर्वाद.

कारखान्यातून चार दिवस सुटी मिळालीय. तुझ्या सुळ्यांना एक कानस पुरायची नाही, दोन मागवून ठेव. नाचाचं काय घेऊन बसलीस, माझे पाय तालात पडले होते कधी? बापांना काही सांगायचं नाही. अकरा वर्षं सांभाळलेलं एका सकाळीत उधळू नकोस.

आहेस तशीच भांडखोर राहा.
तुझा थोरला भाऊ, ब्ली गेडे

तेंगाह
४ ऑगस्ट

ती. ब्लीस सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. पाया पडताना बापांच्या कानात सगळं सांगून टाकलं. त्यांचा माझ्या डोक्यावरचा हात तेवढा जड झाला. मग कानस फिरू लागली, कवटीभर समुद्र घुमला, आणि तू माझी करंगळी धरून होतास.

काल पहाटे तू बस धरलीस. नंतर आपल्या दोघांच्या दातांचा किस ज्यात धरला होता तो पिवळा नारळ घेऊन बापा देवघरामागे पुरायला निघाले. आत पाहिलं आणि मला हाक मारली. किसात दाताचा तांदळाएवढा जुनाट तुकडा होता. ब्ली, अकरा वर्षं तू तो जपलास? आणि माझ्या किसात मिसळलास? बापांनी खड्डा माझ्याच हातांनी बुजवून घेतला. मग म्हणाले, गेडेला कळव, देवळाच्या उत्सवात त्याने नाचायचंय, ताल चुकला तरी चालेल.

बसच्या खिडकीतून तू हसलास तेव्हा दात एका ओळीत दिसले. छान दिसलास. पण तुझ्या हसण्यात एक कोपरा माझा होता, तो आता कुठेच नाही. फार रडले.

दात तुटका असताना जेवढी माया केलीस, तेवढीच सरळ दातांनीही करावीस.

तुझी,
रस्मिनी