चोविसावा गज

२ जून, मंगळवार
बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली वही. कोरी टाकणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून रोजनिशी.

नात ब्रिन (वय चौदा) उन्हाळ्यापुरती आमच्याकडे आली आहे. फोर-एच या शाळकरी मुलांच्या क्लबात यंदा तिनं वेल्डिंग घेतलंय. जुलैत काउंटीची, म्हणजे आमच्या जिल्ह्याची, जत्रा. तिथं जांभळी फीत मिळाली की वस्तू थेट राज्याच्या जत्रेत. लाल, निळी, पांढरी फीत आमच्या घरात शिरणार नाही, हे आजच लिहून ठेवतो.

मला वेल्डिंग कुणी शिकवलं? कुणीच नाही. कोंबड्यांच्या खुराड्यात उसनं मशीन ठेवून सुरुवात केली. आज दोन दारांचं वर्कशॉप आहे आणि चाळीस वर्षांनी अर्धी काउंटी माझ्या जोडांवर उभी आहे.

नियम असा की मोठ्यांनी नुसतं मार्गदर्शन करायचं, हात लावायचा नाही. संकल्प: हात लावणार नाही.

३ जून
मार्गदर्शन केलं. घोड्यांच्या नालांचा सहा फुटी गरुड, पंख उघडमीट होणारे. कागदावर काढूनही दाखवला. ब्रिन म्हणाली, कोंबडी छान आलीये, पण मी शेळ्यांसाठी गव्हाण करणार. शेळ्या चारा पायाखाली तुडवतात. चोवीस लोखंडी गजांची गव्हाण असली की तोंड आत जाईल, पाय जाणार नाहीत.

म्हटलं, गव्हाणीला जांभळी फीत कोण देणार? म्हणाली, शेळ्यांना विचारून सांगते.
तोंडाळ आहे. आईवर गेलीये. माझी बायको लोरीन म्हणते, आईच्या बापावर.

९ जून, संध्याकाळी
आज गुरुमंत्र दिला. जोड कानानं ओळखावा. तव्यावर बेकन चरचरतं तसा एकसंध आवाज आला तर जोड पक्का. ब्रिनचा आवाज मक्याच्या लाह्या फुटल्यासारखा येत होता. मी डोळे मिटून, शेजारी उभं राहून, तिचा हात सावकाश चालवून घेतला. दुपारपर्यंत बेकन!

ती म्हणाली, आजोबा, तुम्ही डोळे मिटूनच बसलात की. म्हटलं, उस्तादाला डोळे लागत नाहीत. म्हणाली, हो, ते कळतंय.
पोरीला गुरूची किंमत कळू लागली.

१४ जून
वर्तमानपत्रवाल्यांनी अक्षर बारीक केलंय. शाई वाचवतात लेकाचे. फोन करून झापलं. तिकडची बाई म्हणाली, अक्षर सोळा वर्षं तेच आहे. खोटं बोलायलाही पगार देतात वाटतं.

लोरीन पायरीवर मटार सोलत होती. म्हणाली, डेलमर, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन ये. म्हटलं, छपाई त्यांची बिघडली, तपासून मी का घेऊ?

ही पायरीवरच का बसते देव जाणे. दोन वर्षांपूर्वी मी पोर्चवर खास हिच्यासाठी लोखंडी झोपाळा करून टांगला. म्हणते, पायरीवर वारा बरा लागतो. घरच्या कारागिराची कदर घरात नसते.

२३ जून
बारा गज झाले. ब्रिनची पद्धत अजब आहे. आधी टाकाऊ पट्ट्यांवर जोड मारते, मग तेच व्हाइसच्या पकडीत धरून हातोडीनं मोडून बघते आणि वहीत लिहिते, कितव्या घावाला तुटला. म्हटलं, अगं, आपणच केलेलं आपणच कशाला मोडायचं? मी चाळीस वर्षांत माझा एक जोड मोडून पाहिला नाही.
ती म्हणाली, म्हणूनच विचारते, तुम्हाला कसं कळतं? मी कानाकडे बोट दाखवलं.

३० जून
शेजारी आर्लो त्याच्या शेतात उभा होता. चांगली पाच मिनिटं हात हलवला. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. नवा ट्रॅक्टर आल्यापासून शिष्ट झालाय.

१ जुलै
आर्लो म्हणतो, काल तो दिवसभर ओमाहा शहरात होता. शेतात पाण्याचा नवा पंप बसवलाय म्हणे.
मला काय. पंपानंही हात हलवायला हरकत नव्हती.

६ जुलै, सोमवार
तेवीस गज झाले. ब्रिन आता पहाटेच्या बसनं मक्याचे तुरे उपटायच्या कामाला जाते, येते ती चिखलानं माखून. शेवटचा गज शुक्रवारी लावीन म्हणाली. बाकीच्या तेवीसना कुणीही हात लावू नये, असंही म्हणाली. ‘कुणीही’ म्हणताना माझ्याकडेच पाहिलं. तिच्याशिवाय घरात दोनच माणसं, त्यातली एक वेल्डिंग करत नाही.

जत्रा सोळाला. शुक्रवारी पाऊस आला तर? वीज गेली तर? संकल्प कायम आहे. काळजी वेगळी.

८ जुलै, दुपारी १
हात लावला नाही. मशीनच लावलं.

नियम मी नीट पाहिलाय. म्हणजे अक्षर फार बारीक असल्यामुळे नीट आठवलाय. शेवटचा गज हा आशीर्वादात धरतात. कळस मोठ्यांनी चढवावा, ही जगरहाटी आहे. नवं लोखंड संपलं होतं, म्हणून जुन्या औताचा हिरवा गज घेतला. आवाज? अस्सल बेकन. वर्कशॉपमधला दिवा मंद झालाय आणि माझ्या हेल्मेटची काच घासलीये, पण हातालाच रस्ता पाठ आहे.

संध्याकाळ
ब्रिन आली. गव्हाणीपुढे बराच वेळ उभी राहिली. चोविसाव्या गजावरून बोट फिरवलं. एकदा हातोडीकडे पाहिलं. मग म्हणाली, थँक्यू, आजोबा.
भारावली पोर. मीही थोडा.

१० जुलै, शुक्रवार
संध्याकाळी वर्कशॉपमधून ग्राइंडरचा आवाज. मग बराच वेळ बेकन. माझे कान पक्के आहेत, पोर शेवटची सफाई करत असणार. मी आत डोकावलो नाही. लुडबुड मला आवडत नाही.

१६ जुलै, गुरुवार, रात्री जेवून
आजचा दिवस क्रमानं लिहितो, म्हणजे मलाही कळेल.

सकाळी नवी टोपी घालून जत्रेत गेलो. हॉलमध्ये गव्हाण मांडलेली. शेजारी निळ्या कापडानं मढवलेला फळा, आणि फळ्याच्या मधोमध माझा हिरवा गज! तारेनं बांधून, देवघरात मांडावा तसा. खाली ब्रिनच्या हातचं काहीतरी लिहिलेलं, फार बारीक. आजोबांविषयी चार शब्द असणार. अशा गोष्टी आपण स्वतः वाचू नयेत. लाज वाटते.

ब्रिन म्हणाली, आजोबा, तुम्ही लिंबूपाणी घेऊन तिकडे सावलीत बसा ना. म्हटलं, छे, मी इथंच उभा राहतो. ती म्हणाली, बसाच. मी उभाच.

अडीच तास फळ्याजवळ होतो. येईल त्याला सांगितलं, हे काम माझं. लोक खालचं वाचायचे, मग माझ्याकडे बघायचे, हसायचे. दोघातिघांनी खांद्यावर हात ठेवला. आर्लोनं तर टोपी काढली. म्हणाला, डेलमर, मानलं तुला. चारचौघांत असं कबूल करायला छाती लागते. मी म्हटलं, त्यात काय, चाळीस वर्षांचा हात आहे. त्याला ठसका लागला.

मग परीक्षक आल्या, मिसेस ओडेगार्ड. शेजारच्या काउंटीतल्या कॉलेजात वेल्डिंग शिकवतात. त्यांनी गव्हाणीचा एकेक गज ठोकून पाहिला. चोवीसच्या चोवीस. चोविसावा नवा कोरा होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात ग्राइंडरचा आवाज सुरू झाला.

मग त्यांनी फळा मोठ्यानं वाचला. “जोड कसा नसावा. वेल्डिंगचा रॉड सांध्यावरून न जाता शेजारून गेला. मळीची खपली आत अडकली. एका बाजूला भोक, दुसऱ्या बाजूला ढेकूळ. पहिल्याच घावात निखळला.”

म्हणाल्या, पंधरा वर्षं शिकवतेय, पण इतके दोष एका जोडात मला मुद्दाम करूनही जमले नाहीत. हा केला कुणी?

मी गजाला लागून उभा, अंगठे पट्ट्यात.

ब्रिन म्हणाली, एका अनुभवी माणसानं.
मग नेम कसा चुकला? बाईंनी विचारलं.
त्यांना सांधा दिसला नाही, ती म्हणाली. एवढंच झालं. पण आवाजावरून जोड ओळखायला त्यांनीच शिकवलं. ते नसते तर बाकीचे चोवीसही असेच झाले असते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. भल्या आहेत. गव्हाणीवर जांभळी फीत लावली. गव्हाण राज्याच्या जत्रेला जाणार. फळ्यासकट. फळा तर न्यायलाच हवा, म्हणाल्या.

कान माझे पक्के. एक शब्द सुटला नाही. सुटला असता तर चाललं असतं.

१७ जुलै
हॉलमधला उजेडही बरोबर नव्हता.
ब्रिन सकाळी बसला जाताना माझ्या हेल्मेटवर एक पुडी ठेवून गेली. आत बसवायची भिंगाची काच. चिठ्ठीवर अक्षर हे एवढं मोठं: उस्तादासाठी.
वापरणार नाही.

१९ जुलै, रविवार
काच बसवण्याआधी सहज हातात धरून वर्कशॉपमध्ये फिरलो. टेबलाला कड आहे. दोन लोखंडांच्या मध्ये रेघ असते, हे विसरलोच होतो.

मग आठवायला लागलो, गेल्या दोनतीन वर्षांत काय काय जोडलंय. चर्चच्या पायऱ्यांचा कठडा. आर्लोच्या ट्रेलरचा हूक. शाळेचा झेंड्याचा खांब. अर्धी काउंटी माझ्या जोडांवर उभी आहे, असं २ जूनला मीच लिहिलंय. ते पान फाडावं लागेल. उद्या सकाळी डोळ्यांचा डॉक्टर, तिथून परस्पर चर्च.

संध्याकाळी पोर्चवर स्टूल मांडून चढलो आणि भिंगातून झोपाळ्याची वरची कडी पाहिली. बराच वेळ पाहिली. तेवढ्यात लोरीन घेवड्याच्या शेंगांची परात घेऊन बाहेर आली. घाईघाईनं म्हटलं, अगं, आज झोपाळ्यावर बसू नकोस हं.

लोरीन पायरीवर बसली, परात मांडीवर घेतली. म्हणाली, बसलेय कधी?